ग्रंथालयाच्या आत म्हणजे कुठं

लिफ्टमिस्त्रीचा जन्मभराचा एक नेम होता. मशीनचं पुस्तक वाचल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. शाळेत तो फारसा टिकला नाही, पण लिफ्टची पुस्तकं त्यानं इतकी चाळली होती की कव्हरं सुटली, शिवण उसवली, तरी आतली चित्रं डोळ्यांपुढं जशीच्या तशी. एखाद्या उंच इमारतीत नव्या बनावटीची लिफ्ट मधेच अडकायची. आतली माणसं हा आधी हातानं चाक फिरवून बाहेर काढायचा. पण मशीन उघडायची वेळ आली की स्टुलावर बसायचा, चष्मा पुसायचा आणि पुस्तकाचं पहिलं पान काढायचा. जिना चढून दमलेले लोक येता-जाता शिव्या घालायचे. हा म्हणायचा, "उघडायला काय, कुणीही उघडतं. परत बंद करता आलं पाहिजे."

कामावरून निवृत्त झाला तरी नेम काही सुटला नाही. घरात नवा पंखा आला तर त्याचं माहितीपत्रक वाचून होईपर्यंत सगळं घर घामाघूम. बायकोनं हे वर्षानुवर्षं सोसलं. पण आता तो नेम तिच्या कानापर्यंत येऊन पोचला, आणि तिचाही तोल जायला लागला.

बायकोनं सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची. समोरचा आजारी आहे, रडलाय की खोटं बोलतोय, हे तिला तारेतून कळायचं. आणि त्याच बाईचा उजवा कान जवळजवळ बंद पडला, डावाही त्याच वाटेनं निघाला. कानाच्या आत एक तांदळाएवढं हाड असतं, ते आवाजाबरोबर हलतं. हिचं घट्ट धरून बसलं होतं. ऐकायचं मशीन लावून बघितलं, तर ते कानात शिट्टी मारायचं. शेवटी ते तिनं सुया-दोऱ्यांच्या डब्यात टाकून दिलं.

खरा घाव बसला तो नातीच्या फोननं. लेक लांबच्या शहरात राहायची. नात फोनवर बोलायची आणि आजी नुसतं "हो बाळा, छान" म्हणत राहायची. एकदा नात सांगत होती की ती सायकलवरून पडली आणि दात तुटला. आजी म्हणाली, "हो बाळा, छान." पलीकडं पोर गप्पच झाली. नंतर लेकीनं खरं काय ते सांगितलं, तेव्हा बायकोनं फोन खाली ठेवला आणि कितीतरी वेळ नुसती पदराचं टोक पिळत बसली.

कानाचे डॉक्टर मोठ्या गावाहून दर शुक्रवारी येत. ते म्हणाले, ऑपरेशन करता येईल. घट्ट झालेलं हाड काढायचं आणि त्या जागी बारीक दांडी बसवायची. दहातल्या नऊ जणांना चांगलं ऐकू येतं. क्वचित कुणाचं उलटं होतं, होतं नव्हतं तेही पार जातं. पुढच्या शुक्रवारी येईन तेव्हा हो किंवा नाही सांगा. हो असेल तर याच महिन्यात उरकू. त्यानंतर मी परदेशात शिकवायला चाललोय, मग वर्षभर तरी विचारू नका.

डॉक्टर हे सांगत होते तेव्हा बाहेर दवाखान्याची लिफ्ट कण्हत होती आणि मिस्त्रीचं निम्मं लक्ष तिकडं होतं. पण 'पार जातं' एवढे शब्द त्याच्या डोक्यात जाऊन बसले, ते हलायलाच तयार नाहीत.

घरी येऊन तो म्हणाला की पुस्तकात वाचल्याशिवाय हे व्हायचं नाही. बायको म्हणाली, डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलंय. तो म्हणाला, "सांगायला सेल्समनही सांगतो. लिहिलेलं कुठंय?"

"मी काय लिफ्ट आहे?" बायकोनं विचारलं.

"लिफ्ट असतीस तर पुस्तक बरोबर आलं असतं," मिस्त्री म्हणाला.

लेकीनं फोनवर सांगितलं, अण्णा, इंटरनेटवर बघा की. त्यानं बघितलं. एकानं लिहिलं होतं, कानात लसणाचं तेल घाला. दुसऱ्यानं लिहिलं होतं, तेल घातलंत तर कान गेला म्हणून समजा. दोघांच्या मधे कानाच्या मशीनची जाहिरात, त्यात एक म्हातारा आणि एक म्हातारी कारण नसताना हसत होती. खऱ्या डॉक्टरांनी लिहिलेलं काही सापडलंच, तर दोन ओळी दिसायच्या आणि पुढं कुलूप. पैसे भरा, नाहीतर विद्यापीठात नोकरी धरा.

मग लेकीनंच बातमी दिली. राज्यानं नवीन कायदा केलाय. जगभरच्या डॉक्टरांचे, शास्त्रज्ञांचे लेख, त्यांचे सगळे साठे, आता प्रत्येक नागरिकाला फुकट. वर्गणी सरकारनं भरलीय. रोग्यांसाठी आपल्या भाषेत सोपं करून लिहिलेलंही त्यात आहे. फक्त ते घरी उघडत नाही, गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन वाचायचं. कुणाला अडवायचं नाही, असं कायद्यातच लिहिलंय.

मिस्त्रीला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं त्याच्या मनातलं काहीतरी केलं होतं. सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो ग्रंथालयाकडं निघाला.

ग्रंथालयाला पत्रे लागले होते. पत्र्याच्या फटीतून बघितलं तर निम्मं छप्पर गायब, रस्त्याकडची भिंत गायब, आणि जिथं वर्तमानपत्रं वाचायचं लांब टेबल असायचं तिथं वाळूचा ढीग. सिमेंट कालवायचं मशीन घरघरत होतं. मुकादम बाहेर आला. डोक्यावर हेल्मेटचं पिवळं टोपडं, कानावर पेन्सिल. मिस्त्रीनं विचारलं, हे काय चाललंय?

मुकादमानं कौतुकानं सांगितलं, नवीन कायदा आलाय ना काका. लोकांना ऑनलाइन वाचायला खास दालन करायचंय. ते होईपर्यंत ग्रंथालय बंद.

म्हणजे लोकांनी आत येऊन वाचावं म्हणून लोकांना बाहेर काढलं होतं. मिस्त्रीनं हे दोन-तीनदा मनात उलटंपालटं करून बघितलं, कुठूनही धरलं तरी ते तसंच येत होतं.

ग्रंथालय तात्पुरतं जलतरण तलावाच्या इमारतीत हलवलं होतं. तलाव कोरडा होता, तळाच्या निळ्या फरशीवर मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या. पुस्तकं कपडे बदलायच्या खोल्यांमध्ये. इतिहास बायकांच्या बाजूला, कायदा आणि कादंबऱ्या पुरुषांच्या बाजूला, आणि बालविभाग शॉवरखाली. भिंतीवर पाटी होती, 'तलावात उतरण्यापूर्वी पाय धुवावेत.' तिच्याच खाली ग्रंथपालबाईंनी आपली जुनी पाटी टांगली होती, 'शांतता राखा.'

ग्रंथपालबाई म्हणजे खणखणीत काम. जाड भिंगांचा चष्मा, केसांत खोचलेलं पेन, आणि कुणी कुजबुजलं तरी भुवई वर. त्यांनी मिस्त्रीचं सगळं ऐकून घेतलं, त्याला संगणकापुढं बसवलं, स्वतः बटणं दाबली. पडदा उजळला. सरकारचं बोधचिन्ह आलं, 'ज्ञान सर्वांसाठी' असं आलं, आणि त्याखाली आलं, 'आपण ग्रंथालयात नाही. कृपया ग्रंथालयास भेट द्या.'

मिस्त्रीनं मान वळवून आजूबाजूच्या पुस्तकांकडं बघितलं.

"मग मी कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"कायद्यानं बघितलं तर तलावात," बाई म्हणाल्या.

त्यांनी समजावून सांगितलं. लेख विकणाऱ्या कंपन्या घाबरल्या होत्या. सगळं राज्य घरबसल्या फुकट वाचायला लागलं तर आम्ही खायचं काय? म्हणून ऐन वेळी कायद्यात घातलं, 'ग्रंथालयाच्या आत'. आता संगणकाला आत-बाहेर काय कळणार? त्याला कळते ती तार. ग्रंथालयाच्या इमारतीत जी तार सरकारदरबारी नोंदलीय, तिच्यावरून आलात तर तुम्ही आत. तलावाची तार तलावाच्या नावावर. तिच्यावरून आलात तर तुम्ही पोहायला आलात.

मिस्त्री म्हणाला, मग ही तार नोंदवा. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, परत घातला. त्या हे गेले कितीतरी आठवडे करत होत्या. वरच्या कार्यालयाचं म्हणणं असं की, तलाव हे ग्रंथालय आहे हे आधी सिद्ध करा. कायद्यात ग्रंथालयाची व्याख्या आहे. कायमची इमारत पाहिजे, वाचनाची जागा पाहिजे, दर्शनी भागावर नाव पाहिजे. तपासनीस येऊन बघणार. आणि तात्पुरत्या जागेला कायमची इमारत म्हणायचं कसं, यावर त्यांचं तिकडं विचारमंथन चालू होतं.

"किती दिवस मंथन चालणार?"

"तोपर्यंत इकडचं बांधकाम पूर्ण होईल. मग प्रश्नच मिटला."

मिस्त्रीनं बाईंसमोरच वरच्या कार्यालयाला फोन लावला. तिथल्या गोड आवाजानं सांगितलं की तक्रार ऑनलाइन करा. कुठून करू, तर ग्रंथालयातून करा. मिस्त्रीनं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यात काहीतरी मेलंय.

मंगळवारी तो ज्यांनी कायदा आणला त्या साहेबांच्या कचेरीत गेला. साहेब दौऱ्यावर. त्यांच्या सेक्रेटरीनं चहा दिला, साहेबांचा भाषण करतानाचा फोटो दाखवला आणि म्हणाली, काका, आता तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. मिस्त्री म्हणाला, मला कुणी अडवतच नाहीये, तेच तर रडगाणं आहे. अडवणारा माणूस असता तर त्याच्याशी भांडलो असतो. तिनं त्याच्या देखत आपल्या टेबलावरून उघडून बघितलं. 'आपण ग्रंथालयात नाही.' तिला वाटलं नेट स्लो आहे.

वैतागाला एक गंमत असते. माणूस थकतो, पण त्याचा ताप उतरत नाही. संध्याकाळी घरी येऊन मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगायला लागला. बायको कणीक मळत होती, पाठ त्याच्याकडं. तिला अर्धं ऐकू गेलं, अर्धं नाही, पण सूर ओळखीचा होता.

"अहो, मी शुक्रवारी हो सांगणारे," ती न वळता म्हणाली.

"कशाच्या जोरावर?"

"डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या. ते म्हणत होते की आधी..."

"आणि पार गेलं तर? उद्या मी हाक मारली तर ऐकशील कशानं?"

"आत्ता तरी कुठं ऐकते," ती म्हणाली, आणि कणकेला एक बुक्की दिली.

मिस्त्री हॉलमध्ये जाऊन बसला. खरं म्हणजे कायद्याबियद्याचा त्याला एवढा राग नव्हताच. त्याला भीती वाटत होती. उभ्या आयुष्यात स्वतःला न समजलेलं मशीन त्यानं दुसऱ्याला उघडू दिलं नव्हतं, आणि इथं जिच्याशी तो रात्रंदिवस भांडत आला तिचाच कान परका माणूस उघडणार, आणि ह्याला त्यातलं एक चित्रही ठाऊक नाही. शुक्रवारी तो 'नाही' म्हणाला असता तर तिनं ऐकलं असतं, हेही त्याला माहीत होतं. तसं झालं तर नातीचा फोन कायमचा गेला. 'हो' म्हणाला आणि उलटं झालं, तर सगळंच गेलं. दोन्हीकडून गुन्हा त्याच्याच गळ्यात.

बुधवारी तो परत तलावावर गेला. काम काहीच नव्हतं, पण घरी बसवेना. ग्रंथपालबाई शॉवरखालच्या बालविभागात पुसायचं फडकं घेऊन उभ्या होत्या. कुणीतरी नळ सोडला होता. भिजलेली पुस्तकं त्यांनी दोरीवर वाळत घातली होती. मिस्त्रीनं न विचारता चिमटे लावायला घेतले. दोघं मुकाट्यानं काम करत राहिले. दोरी भरली तसं मिस्त्री सहज म्हणाला की आमच्यात इमारत पाडायची म्हटली तरी लिफ्टची वीज शेवटी तोडतात. तोडायचा कागद वेगळा असतो आणि तो कागद काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पाडून टाकलेल्या इमारतीच्या लिफ्टचं बिल येत राहतं.

बाईंच्या हातातलं ओलं पुस्तक तसंच राहिलं. त्यांनी मिस्त्रीकडं बघितलं. मग पदर खोचून टेबलापाशी गेल्या, मुकादमाला फोन लावला आणि विचारलं, आपली नेटची पेटी कुठल्या भिंतीवर होती? पलीकडून मुकादम म्हणाला, मागच्या. मागची भिंत अजून उभी आहे का? आहे की. पेटीवर दिवा लागतोय का बघ. मुकादम बघायला गेला, आणि आला तो म्हणाला, हिरवा लुकलुकतोय, का बंद करू?

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. तलावात त्यांचा आवाज घुमला. बालविभागातल्या दोन आज्या दचकल्या. पाटीखाली उभं राहून बाई एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

फोन ठेवून त्या मिस्त्रीला म्हणाल्या की ग्रंथालय बंद झालंय ते लोकांसाठी. इमारतीची मान्यता कुणी काढलेली नाही, वर्गणी चालू आहे, तार जिवंत आहे. कायदा म्हणतो ग्रंथालयाच्या आत. मग जाऊ आत. "छप्पर पाहिजे असं कुठं लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. आणि असलं, तर निम्मं आहे अजून."

गुरुवारी सकाळी मिस्त्री बायकोला घेऊनच गेला. तिनं आधी नकार दिला, मग म्हणाली, येते, एकदाचं तुमच्या डोक्यातलं जाऊ दे. मुकादमानं तिघांनाही पिवळी टोपडी दिली. बायकोच्या अंबाड्यावर ते काही केल्या बसेना, शेवटी तिनं ते टोपलीसारखं हातात धरलं. ग्रंथपालबाईंनी लॅपटॉप आणला होता. मुकादमानं सिमेंटच्या मशीनची पिन काढली, तिथं लॅपटॉपची लावली, आणि विटांच्या थप्पीवर फळी टाकून टेबल करून दिलं. मागच्या भिंतीवर, धुळीत माखलेली ती पेटी इमानदारीत लुकलुकत होती. बाईंनी तिची तार जोडली.

सरकारचं बोधचिन्ह आलं. 'ज्ञान सर्वांसाठी' आलं. आणि खाली आलं, 'ग्रंथालयात आपले स्वागत आहे.'

डोक्यावर आभाळ, पायाखाली वाळू, समोर भिंतीच्या जागी रस्ता, आणि रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला आत बघत चाललेला. मिस्त्रीला हसावं की लॅपटॉपवर वीट घालावी कळेना.

बाईंनी कानाच्या हाडाचा लेख काढून दिला. रोग्यांसाठी, सोप्या भाषेत, चित्रांसहित. मिस्त्री वाचायला लागला, ओठ हलवत, पहिल्यांदा मनातल्या मनात. बायको म्हणाली, कान माझा आहे ना, मोठ्यानं वाचा. त्यानं थोडं मोठ्यानं वाचलं. तिनं डावा कान पुढं केला आणि मान हलवली, नाही ऐकू येत. मिस्त्रीनं बाईंकडं बघितलं. कितीही झालं तरी ग्रंथालय होतं. बाईंची भुवई सवयीनं वर गेली, थोडा वेळ तिथं थांबली आणि खाली आली.

"वाचा काका," त्या म्हणाल्या. "आज शांततेची पाटी तलावावर आहे."

मग मिस्त्रीनं वरच्या पट्टीतला आवाज लावला. सिमेंटचं मशीन बंदच होतं, गवंड्यांना दुसरं काम नव्हतं. ते परातीवर, पायाडावर जमेल तिथं बसले. बायकोच्या कानाची आतली रचना सगळ्या साइटनं ऐकली. हाड कसं हलतं. का घट्ट होतं. कानाचा पडदा कसा उचलतात, घट्ट हाड काढून तिथं दांडी कशी बसवतात. दांडीचं चित्र आलं तसा मिस्त्री थबकला, लॅपटॉप डोळ्यांपाशी नेला.

"हा तर पिस्टन आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. मग मुकादमाला चित्र दाखवलं, मुकादमानंही मान डोलावली, पिस्टनच.

त्यापुढं धोके आले. चक्कर, चव बदलणं, कानात आवाज. आणि मग ते वाक्य. क्वचित, शस्त्रक्रिया केलेल्या कानाचं ऐकू येणं पूर्ण जाऊ शकतं. पुढची ओळ त्यानं वाचली, थांबला, परत वाचली, या वेळी हळू, एकेक शब्द सुटा करून. म्हणूनच दोन्ही कानांना त्रास असल्यास आधी जास्त बिघडलेल्या कानाची शस्त्रक्रिया करतात, बऱ्या कानाला हात लावत नाहीत.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"म्हणजे उजवा," मिस्त्री म्हणाला. "बंद पडलेलाच उघडणार. चालूला हात नाही लावणार."

"नाही लावणार," बायको म्हणाली.

जन्मभर त्यानं हेच केलं होतं. इमारतीत दोन लिफ्ट असल्या तर बंद पडलेलीच उघडायची, चालू लिफ्टच्या नटालाही शिवायचं नाही, लोक त्यातून ये-जा करतात. एवढी साधी गोष्ट. आणि हा इतके दिवस दोन्ही कान एकदम गेले असं धरून गावभर फिरत होता.

मग त्याला चीड आली. एवढं महत्त्वाचं, आणि डॉक्टरनं सांगितलं नाही? पैसे घेतो, परदेशात शिकवायला जातो, आणि कुठला कान हे सांगायला ह्याच्या तोंडाला काय झालं होतं? तो बराच वेळ बोलला. बायकोनं त्याला बोलू दिलं. त्याचा श्वास संपला तेव्हा ती टोपडं विटांवर ठेवून म्हणाली,

"सांगितलं होतं. चित्र काढून सांगितलं. तुम्ही तेव्हा खोलीत नव्हता."

"मी? मी कुठं होतो?"

"लिफ्ट बघायला गेला होता."

एक गवंडी हसू दाबायला गेला आणि त्याला ठसका लागला. मिस्त्रीला आठवलं. लिफ्ट कण्हत होती. दुसऱ्या मजल्यावर थांबताना झटका देत होती. बायको डॉक्टरांसमोर बसली होती, आणि हा 'आलोच' म्हणून उठला होता. परत आला तेव्हा डॉक्टर हात धूत होते.

"मग तू मला सांगायचं नाही का?"

"घरी आल्या आल्या सांगितलं. परवा कणीक मळता मळता सांगितलं. काल परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, लिहिलेलं कुठंय."

मिस्त्री लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत राहिला, तिथं उत्तर असल्यासारखा. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे कुणाकडं बघायला नको. मुकादम उठला आणि म्हणाला, काका, आता मशीन लावू का, माल सुकतोय.

जाताना बाईंनी मिस्त्रीला हळूच विचारलं, समाधान झालं ना? तो म्हणाला, झालं. पण तुमचा कायदा एकदम बेकार आहे. बाई म्हणाल्या, कायदा चांगला आहे हो, फक्त तो उघडणाऱ्यानं पुस्तक वाचलं नाही. मग त्या पत्र्याच्या दारात उभ्या राहिल्या. पेटीवरचा दिवा मागं लुकलुकतच होता. मुकादमाला त्यांनी सांगितलं की उद्यापासून रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद ठेवायचं. वाचक येतील. मुकादम म्हणाला, टोपडी एवढीच आहेत बाई. त्या म्हणाल्या, मग आळीपाळीनं येतील.

शुक्रवारी दोघं दवाखान्यात गेले. मिस्त्रीच्या हाताला धरून बायको डॉक्टरांच्या खोलीत शिरली. डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि ऑपरेशनच्या दिवशी काय खायचं, काय नाही, किती दिवस डोकं धुवायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, असं एकेक सांगायला सुरुवात केली.

बाहेर लिफ्ट आली. दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि तिनं नेहमीसारखा झटका दिला, शिवाय बारीक कण्हली. दोरीला तेल नव्हतं, आणि ब्रेकची पट्टीही झिजली असणार. मिस्त्रीची टाच खुर्चीखाली हलली.

बायकोला लिफ्ट ऐकू आली नाही. पण इतक्या वर्षांत खुर्चीच्या हालचालीवरून तिला सगळं कळायचं. तिनं डॉक्टरांकडं बघत बघतच हात बाजूला नेला आणि त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली.

"बसलोय," मिस्त्री म्हणाला. आणि डॉक्टरांना म्हणाला की शिंकेचं जरा परत सांगा, मोठ्यानं, तिलाही ऐकू जाऊ दे.